बेडका हुंगणारे उंदीर

दार-ए-सलाम बंदराच्या पश्चिमेला सुमारे 190 किलोमीटरवर, उलुगुरू डोंगररांगेच्या पायथ्याशी, टांझानियातले मोरोगोरो हे शहर वसले आहे. तेथील सोकोइने कृषी विद्यापीठाच्या आवारात क्षयरोग तपासणीची एक आगळी प्रयोगशाळा आहे. पारदर्शक भिंतींच्या एका लांबट पिंजऱ्याच्या तळाला ओळीने दहा भोके असतात आणि प्रत्येक भोकाखाली कुणा एका माणसाच्या बेडक्याचा नमुना. पिंजऱ्यात किलो-सव्वा किलो वजनाचा एक उंदीर सोडतात. भोकावरची झडप सरकते, उंदीर नाक आत घालतो, हुंगतो आणि पुढे जातो. पुन्हा झडप, पुन्हा नाक. एखाद्या भोकापाशी मात्र तो थबकतो. नाक तसेच खुपसून तीन सेकंद राहतो, कधी खालचा पत्रा नखांनी खरवडतो. त्या नमुन्यापुढे लगेच खूण केली जाते. शंभर नमुने हुंगायला या उंदराला वीसेक मिनिटे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक स्लाइड पाहणाऱ्या तंत्रज्ञाचे तेवढ्याच कामात चार दिवसही जाऊ शकतात.

हा उंदीर आपल्या मोरीतला नव्हे. आफ्रिकी पिशवीगाल उंदीर असे त्याला म्हणता येईल, कारण दोन्ही गालांत दाणे साठवायच्या पिशव्या असतात. त्या भरल्या की त्याचा चेहरा गालगुंड झाल्यासारखा दिसतो. स्वाहिली भाषिक त्याला ‘पान्या बुकू’ म्हणतात. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो पाऊण मीटरच्या आसपास भरतो. आपल्याकडची घूस पाहून दचकणाऱ्याने त्याच्या वाटेला न जाणेच बरे. तो निशाचर आहे, त्याची नजर अधू असते आणि पुरून ठेवलेले दाणे महिन्यांनंतरही हुडकायचे तर वासावरच भिस्त ठेवावी लागते. पिंजऱ्यात नीट सांभाळला तर तो सात-आठ वर्षे जगतो. ही बाब महत्त्वाची आहे, कारण दोन-तीन वर्षांत मरणाऱ्या साध्या उंदरावर नऊ महिने शिकवणी खर्च करणे कुणालाच परवडले नसते.

वास ओळखण्याच्या ताकदीचा एक ढोबळ अंदाज जनुकांवरून बांधता येतो. वासाचे रेणू पकडणाऱ्या ग्राहकांची चालू जनुके माणसात सुमारे चारशे, कुत्र्यात आठशेच्या आसपास, प्रयोगशाळेतल्या उंदरात बाराशेच्या घरात आणि हत्तीत जवळजवळ दोन हजार असतात. संख्या जास्त म्हणजे नाक तेवढ्या पटीने तिखट, असा सरळ हिशेब मात्र नसतो. शिवाय हत्तीला पिंजऱ्यात घालून बेडका हुंगवणे कितपत जमेल, हाही प्रश्न आहेच.

उंदराला या कामाला जुंपण्याची कल्पना क्षयरोगातून निघाली नव्हती. ती भूसुरुंगांमधून निघाली. बार्ट वीटजेन्स हा बेल्जियममधल्या अँटवर्पचा औद्योगिक वस्तूंचा रचनाकार. लहानपणी घरात उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी पाळायचा. नव्वदच्या दशकात आफ्रिकेतल्या सुरुंगांचा प्रश्न त्याला छळू लागला. युद्ध संपून गेलेले, पण शेतात पाय ठेवायची सोय नाही, अशी तिथे अवस्था होती. सुरुंग शोधायची यंत्रे महाग, ती चालवणारे तज्ज्ञ परदेशी आणि धातुशोधक तर गंजका खिळा दिसला तरी किंचाळणारा. स्फोटकाचा वास घ्यायला लहान कुरतडे प्राणी वापरून पाहिल्याचे एक जुने संशोधन वीटजेन्सच्या वाचनात आले आणि पाळलेले उंदीर त्याला आठवले. अँटवर्प विद्यापीठातले उंदीरतज्ज्ञ रॉन फेरहागेन यांनी आफ्रिकी पिशवीगाल उंदीर सुचवला. तो दीर्घायुषी, तिथल्याच मातीतला आणि तिथल्या रोगांना सरावलेला. 1997 मध्ये ‘अपोपो’ ही संस्था उभी राहिली आणि 2000 मध्ये तिने मोरोगोरोला बिऱ्हाड हलवले. वीटजेन्स पुढे झेन पंथाचा दीक्षित भिक्षूही झाला.

सुरुंगांच्या कामात हे उंदीर गाजले. वजन इतके कमी की सुरुंगावर पाय पडला तरी तो फुटत नाही. टेनिस कोर्टाएवढी जमीन उंदीर अर्ध्या तासात हुंगतो. उन्हात काम करताना कान आणि शेपूट भाजू नये म्हणून या निशाचराला सनस्क्रीन लावावे लागते. मोझांबिक देश 2015 मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, त्यात या उंदरांचा वाटा होता. पुढे कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराला 2020 मध्ये ब्रिटनमधल्या पीडीएसए या प्राणिसेवी संस्थेने सुवर्णपदक दिले. तोवर ते पदक कुत्र्यांनाच मिळत आले होते. मगावाच्या छातीवरचे चिमुकले पदक जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. क्षयाच्या प्रयोगशाळेतले त्याचे भाऊबंद तितके छायाचित्रयोग्य नसावेत, पण माझ्या मते त्यांचेच काम अधिक विचार करायला लावणारे आहे. सुरुंग सापडतो किंवा सापडत नाही. रोगाचे तसे नसते. तिथे खरे उत्तर काय, हे ठरवतानाच पंचाईत होते.

ही पंचाईत क्षयरोगाच्या निदानात दीडशे वर्षे मुरलेली आहे. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. तेव्हापासून बेडक्याचा पातळ थर काचेवर पसरायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे, ही पद्धत जगभर चालत आली. ती स्वस्त आहे, कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात होऊ शकते आणि जंतू दिसले तर उत्तर खात्रीचे असते. पण ते दिसायला एका मिलीलिटर बेडक्यात साधारण दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर स्लाइड कोरीच दिसते आणि रोगी खिशात ‘निगेटिव्ह’चा कागद घालून घरी जातो. लहान मुलांच्या बेडक्यात जंतू कमी असतात. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बेडक्यातही ते पुष्कळदा कमीच सापडतात, आणि आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागात हे दोन्ही रोग हातात हात घालून फिरतात. त्यात रोज ढिगाने स्लाइडी पाहून दमलेला तंत्रज्ञ. त्याच्या डोळ्यांतून काही निसटले तर त्याला दोष देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये जगात 1 कोटी 8 लाख माणसांना क्षयाची बाधा झाली आणि साडेबारा लाख मेली. नोंद झालेले नवे रोगी मात्र 82 लाखच. उरलेली सव्वीस लाख माणसे कुठल्याच वहीत नाहीत. ती खोकत आहेत आणि रोग वाटत आहेत.

सुरुंग हुंगणारे नाक या निसटलेल्या माणसांना हुडकू शकेल का, हे पाहण्यासाठी अपोपोला 2003 मध्ये जागतिक बँकेच्या एका स्पर्धेतून अनुदान मिळाले. रोगाला वास असतो, हे मूळ गृहीतक वैद्यांना नवे नव्हते. मधुमेह चिघळलेल्या रोग्याच्या श्वासाला येणारा फळासारखा वास आजही डॉक्टरला सावध करतो. जंतू जगतो म्हणजे काहीतरी खातो, मोडतो, टाकतो. त्या टाकलेल्यातले हलके रेणू हवेत उडतात. घरात फणस पिकला की तो कुठल्या खोलीत ठेवला आहे हे विचारावे लागत नाही, तसाच हा प्रकार, फक्त कित्येक लाख पटींनी फिका. क्षयाच्या जंतूपासून निघणाऱ्या वायुरूप रेणूंमध्ये मिथाइल निकोटिनेट, मिथाइल फिनाइलॲसिटेट, मिथाइल पॅरा-अॅनिसेट अशी काही संयुगे वेगळी काढण्यात आली आहेत. टांझानियातले संशोधक जॉर्जीज म्गोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उंदीर क्षयाचा जंतू त्याच्या जवळच्या नात्यातल्या इतर जंतूंपासून वेगळा ओळखतात का, याची तपासणी केली. ते ओळखतात. एकाच संयुगावर ते विसंबत नाहीत, अनेकांच्या मिश्रणाची ओळख धरतात, असे दिसून आले.

आता शिकवणी. पिल्लू चार-पाच आठवड्यांचे झाले, डोळे उघडले, की माणसाच्या सहवासात येते. त्याला हातावर घेऊन हिंडवतात, गाडीचा आवाज, रेडिओ, माणसांचा गलबला या साऱ्याची सवय करतात. मग येतो क्लिकर. ‘टक्’ आवाज झाला की केळे आणि शेंगदाण्याचा लगदा मिळतो, एवढेच आधी शिकवायचे. आवाज आणि खाऊ यांची गाठ पक्की बसली, की आवाज कशावर करायचा ते बदलत न्यायचे: आधी भोकात नाक घातल्यावर, मग क्षयाच्या नमुन्यावर नाक घातल्यावर, मग नाक तीन सेकंद तिथेच ठेवल्यावर, आणि शेवटी पुष्कळ निरोगी नमुन्यांतून एकच बाधित नमुना निवडल्यावर. कुत्रा आपल्या माणसासाठी काम करतो आणि माणूस बदलला की बिथरतो. हा उंदीर केळ्यासाठी काम करतो. समोर कोण प्रशिक्षक उभा आहे याची त्याला फारशी फिकीर नसते, आणि प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. नमुने हुंगण्याआधी ते तापवून त्यातले जंतू मारलेले असतात, त्यामुळे उंदराला किंवा प्रशिक्षकाला लागण होत नाही. जंतू मेला तरी त्याचा वास उरतो.

इथवर सगळे सरळ वाटते. पण खऱ्या नमुन्यांवर काम सुरू झाले की एक पेच उभा राहतो. ज्याला क्षय आहे की नाही हेच आपल्याला ठाऊक नाही, अशा माणसाच्या नमुन्यावर उंदीर थांबला तर खाऊ द्यायचा की नाही? दिला आणि नमुना निरोगी निघाला, तर चुकीला बक्षीस मिळाले. दर वेळी नाही दिला, तर थोड्याच दिवसांत उंदीर थांबणेच सोडून देईल. यावर उपाय असा काढला की अनोळखी नमुन्यांच्या रांगेत आधीच खात्रीने बाधित ठरलेले काही नमुने मिसळायचे आणि खाऊ फक्त त्यांच्यावर द्यायचा. उंदराला दोन्हीतला फरक कळत नाही, त्यामुळे तो सगळ्यांवर सारखेच मन लावून काम करतो. शिवाय त्या ठरलेल्या नमुन्यांवर तो चुकला तर त्या दिवशी त्याचे नाक ठिकाणावर नाही हेही समजते. प्राण्यांच्या चमत्कारांवरच्या लेखनात या तपशिलाला सहसा जागा मिळत नाही. मला तरी खरी बुद्धिमत्ता इथेच दिसते, आणि ती माणसाची आहे.

दुसरी खबरदारी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घोड्याने शिकवली. विल्हेल्म फॉन ओस्टेन या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बर्लिनमध्ये बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खूर आपटून देत असे. लोक थक्क होत. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा, मानेवरचा ताण नकळत सैल होई आणि घोडा तेवढे पाहून थांबे. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसले की हान्सची उत्तरे चुकत. वास हुंगणाऱ्या कुठल्याही प्राण्याच्या परीक्षेत म्हणूनच प्रशिक्षकाला बाधित नमुना कोणता ते ठाऊक असता कामा नये. एखाद्या ठिकाणी कुत्रा शंभर टक्के अचूक निघाल्याची बातमी वाचली, की नमुने कुणी लावले होते आणि ते कुणाला माहीत होते, हा पहिला प्रश्न वाचकाने विचारावा.

मोरोगोरोच्या उंदरांचे निकाल याच कसोटीवर पाहण्यासारखे आहेत. दार-ए-सलामच्या सरकारी क्षयरोग केंद्रांतून 2007 पासून नमुने येऊ लागले. केंद्राने आधीच तपासून निकाल दिलेले नमुने उंदीर पुन्हा हुंगत. ज्या नमुन्याला केंद्राने निगेटिव्ह ठरवले आणि उंदराने संशयित म्हटले, तो नमुना अधिक बारकाईच्या सूक्ष्मदर्शक तपासणीला जाई. जंतू दिसले तरच त्या माणसाला क्षय आहे असे केंद्राला कळवले जाई. 2009 मध्ये 10,523 माणसांचे नमुने अशा रीतीने दोनदा तपासले गेले. केंद्रांना त्यातली 13.3 टक्के बाधित सापडली होती. उंदरांमुळे आणखी 620 माणसे सापडली, म्हणजे निदानाच्या संख्येत 44 टक्क्यांची भर. पुढे मुलांवर एक अभ्यास झाला. पाच वर्षांपर्यंतच्या 982 मुलांपैकी केंद्रांना 34 बाधित आढळली होती, उंदरांनी दाखवलेल्या खुणांमुळे आणखी 23 सापडली. आकडे लहान आहेत, पण या वयात उपचार न मिळालेला क्षय मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

खूण झाली, जंतू दिसले, तरी काम अर्धेच झालेले असते. निगेटिव्ह कागद घेऊन घरी गेलेल्या माणसाला शोधून परत आणायचे कसे? दार-ए-सलामच्या झोपडवस्त्यांत पत्ता म्हणजे अमुक दुकानामागची तमुक गल्ली. मोबाइल क्रमांक बदललेला असतो. हे शोधकाम ‘म्कुटा’ या संघटनेचे स्वयंसेवक करतात आणि त्यांच्यातले बरेचसे स्वतः क्षयातून बरे झालेले आहेत. सुरुवातीला नमुना मोरोगोरोला जाऊन निकाल परत यायला इतके दिवस लागत की माणूस हाती लागत नसे. म्हणून 2016 मध्ये खुद्द दार-ए-सलाममध्येच उंदरांची दुसरी प्रयोगशाळा उघडली आणि निकाल एका दिवसात द्यायला सुरुवात झाली. मोझांबिकची राजधानी मापुतो आणि इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथेही हे काम पोचले. आजवर केंद्रांच्या नजरेतून सुटलेले हजारो रोगी या वाटेने सापडले आहेत.

कुत्र्यांची कथा याच्या आधीची आणि अधिक प्रसिद्ध. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन ब्रिटिश डॉक्टरांचे एक छोटे पत्र छापून आले. एका बाईची कुत्री तिच्या मांडीवरचा एक तीळ रोज कितीतरी वेळ हुंगत राही, पँटच्या कापडावरूनसुद्धा. एकदा तर तिने तो चावून काढायचा प्रयत्न केला. तपासणीत तो तीळ म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग निघाला. एका गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनाही माहीत होते. रीतसर प्रयोग व्हायला 2004 साल उजाडले. इंग्लंडमध्ये सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा वास शिकवला. सात मूत्रनमुन्यांतला एकच बाधित. अंदाजाने निवडले असते तर सातात एकदा बरोबर येणार, म्हणजे 14 टक्के. कुत्री 54 पैकी 22 वेळा बरोबर आली, म्हणजे 41 टक्के. यशाचा हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण त्याच काळात निरोगी म्हणून घेतलेल्या एका माणसाच्या नमुन्यावर कुत्री पुन्हापुन्हा थांबत राहिली. प्रशिक्षक वैतागले. अखेर त्या माणसाची सखोल तपासणी झाली, आणि त्याच्या मूत्रपिंडात कर्करोग सापडला.

त्यानंतर कुत्र्यांच्या बातम्यांचा पूरच आला. ॲमस्टरडॅमच्या रुग्णालयात क्लिफ नावाचा बीगल जुलाब करणाऱ्या एका चिवट जंतूचा वास शिकला. तो वॉर्डातून खाटांच्या कडेने फिरे आणि बाधित रोग्यापाशी बसे. 2012 मध्ये छापलेल्या निकालानुसार 30 बाधित रोग्यांपैकी 25 जण त्याने ओळखले आणि बाधा नसलेल्या 270 पैकी 265 जणांना बरोबर वगळले. गांबियातल्या शाळकरी मुलांनी रात्रभर पायात घातलेले मोजे ब्रिटनला नेले गेले आणि मलेरियाचे परजीवी अंगात असूनही ताप नसलेली मुले कुत्र्यांनी त्या मोज्यांवरून शोधली. बाधित मुलांपैकी 70 टक्के त्यांना सापडली. कोविडच्या काळात हेलसिंकीच्या विमानतळावर प्रवाशांच्या घामाचे बोळे हुंगणारी कुत्री उभी होती. आपल्याकडेही मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रात कॅस्पर हा कॉकर स्पॅनियल आणि जया व मणी हे दोन चिप्पीपराई यांना घाम व मूत्रावरून कोविड ओळखायला शिकवले गेले. 2021 च्या फेब्रुवारीत लष्कराने त्यांचे काम जाहीरपणे दाखवले. चिप्पीपराई ही तमिळनाडूतली शिकारी जात. परदेशी जातींच्या रांगेत देशी कुत्रा उभा राहिल्याचे कौतुक तेव्हा झाले आणि ते रास्तच होते.

या यादीतला सर्वांत लहान तपासनीस मुंगी आहे. प्रमेहाच्या रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे निरीक्षण चरकसंहितेत नोंदलेले आहे. तिथे मुंगीला कुणी शिकवले नव्हते, ती साखरेसाठी येत होती. अलीकडे फ्रान्समधल्या संशोधकांनी मुंग्यांना मुद्दाम शिकवले. माणसाची गाठ रोवलेल्या उंदराचे मूत्र आणि निरोगी उंदराचे मूत्र यांतला फरक मुंगी साखरपाण्याच्या आमिषावर अवघ्या तीन पाठांत शिकली. कुत्र्याला महिने लागतात, उंदराला नऊ महिने. मुंगीचे प्रयोग अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहेत, रोग्यापर्यंत आलेले नाहीत.

एवढे सगळे असूनही जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या मान्य तपासण्यांत उंदराला स्थान दिलेले नाही. हा अन्याय आहे असे मला वाटत नाही. प्रत्येक उंदराचे नाक वेगळे, त्याचा दिवस वेगळा. उंदीर संशयित म्हणतो त्या नमुन्यांपैकी पुष्कळांत पुढे जंतू सापडत नाहीत. ती सगळी त्याची चूक असते की आपल्या तपासणीची मर्यादा, हे दर वेळी सांगता येत नाही. औषधांना दाद न देणारा क्षय कोणता आणि साधा कोणता, हेही तो सांगू शकत नाही. मुंबईसारख्या शहरात तर याच प्रश्नाचे उत्तर आधी हवे असते. क्षय ओळखणे आणि तो औषधाला दाद देईल का ते सांगणे, ही दोन्ही कामे करणारी यंत्रे आता आली आहेत. जंतूच्या जनुकांचे तुकडे वाढवून ओळखणारे जीनएक्स्पर्ट यंत्र 2010 मध्ये मान्य झाले, दोन तासांत निकाल देते आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही सांगते. आपल्या सरकारी दवाखान्यांत ते ‘सीबीनॅट’ म्हणून ओळखले जाते. त्याला अखंड वीज आणि थंड खोली लागते. ती अडचण ओलांडणारे, बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र गोव्यातल्या वेर्णा येथील मोलबायो कंपनीचे. त्याला जागतिक मान्यता 2020 मध्ये मिळाली. क्षयाचा जगातला सुमारे एक चतुर्थांश भार भारतावर आहे, तेव्हा गोव्याच्या यंत्राचे मोल उंदराच्या नाकाहून आपल्यासाठी जास्त आहे.

मग उंदराची गरज कुठे उरते? जिथे यंत्र पोचले नाही, किंवा यंत्र आहे पण त्यात घालायची काडतुसे (कार्ट्रिज) संपली आहेत, तिथे. यंत्रात एका वेळी मोजकेच नमुने घालता येतात आणि प्रत्येकाला नवे काडतूस लागते. उंदीर शेकडो नमुन्यांतून मूठभर वेगळे काढून देतो आणि महागडी तपासणी तेवढ्यांचीच करावी लागते. तुरुंग, खाणकामगारांच्या वस्त्या, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी, जिथे सगळ्यांनाच तपासायला हवे पण सगळ्यांपुरते पैसे नसतात, तिथे ही चाळणी कामाची ठरते. निकाल देण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही, आणि देऊही नये.

नाकाने शोधून दिलेले यंत्राने उचलायचे, असा एक मार्गही आता रुळू लागला आहे. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न या निवृत्त परिचारिकेला आपल्या पतीच्या अंगाचा वास बदलल्याचे पार्किन्सन्सचे निदान होण्याच्या कितीतरी वर्षे आधी जाणवले होते. एडिंबरा विद्यापीठाने तिला बारा माणसांनी घातलेले शर्ट हुंगायला दिले. सहा रोग्यांचे, सहा निरोगी माणसांचे. तिने सात शर्टांना रोगी ठरवले. सातवा शर्ट निरोग्याचा होता, म्हणून ही एक चूक धरली गेली. आठ महिन्यांनी त्या माणसालाच पार्किन्सन्सचे निदान झाले. तिच्या नाकाने दाखवलेल्या दिशेने मँचेस्टरच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्वचेवरच्या तेलकट स्रावातली बदललेली संयुगे शोधली आणि आता पाठीवरून कापसाचा बोळा फिरवून करायच्या चाचणीवर काम चालू आहे. प्रोस्टेटचा कर्करोग हुंगणाऱ्या कुत्र्यांच्या निवडींवरून संगणकाला शिकवण्याचा प्रयोगही अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मिळून झाला. मोरोगोरोचे उंदीर दरम्यान दुसऱ्याही कामांना लागले आहेत. खवल्या मांजराचे खवले कंटेनरमधून चोरून नेले जातात, ते हुंगायला त्यांना शिकवले आहे. भूकंपात पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यात शिरून माणूस शोधायला पाठीवर छोटी पिशवी बांधून त्यांचा सराव चालतो.

महाराष्ट्राशी उंदराचे जुने नाते वैराचेच आहे. प्लेगच्या साथीपासून पावसाळ्यातल्या लेप्टोपर्यंत तो रोग आणणारा म्हणूनच ओळखला जातो. मोरोगोरोचा उंदीर इथे आणायची गरज नाही, कारण आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात यंत्रे आहेत. आणण्यासारखी गोष्ट दुसरी आहे: ‘निगेटिव्ह’ आलेला नमुना पुन्हा एकदा पाहण्याची तिथली शिस्त. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन घटू लागले, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात, आणि उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी महिन्याला 1,000 रुपये खात्यात जमा होतात. पहिली तपासणी फक्त सूक्ष्मदर्शकाची होऊन निगेटिव्ह आली आणि लक्षणे तशीच राहिली, तर तिथेच थांबू नका. डॉक्टरांकडे सीबीनॅट किंवा ट्रूनॅटची तपासणी मागून घ्या.